एका चुलीवरची माणसं
ज्वारीची भाकरी करपल्याचा वास आला की मला कवठे महांकाळकडचं ते माळावरचं घर आठवतं. बांगलादेशच्या लढाईनंतरचं साल होतं. संख्याशास्त्र शिकून मी नुकतीच एका सामाजिक पाहणीच्या कामाला लागले होते, आणि सांगलीहून निघताना सरांनी व्याख्या पाठ करून घेतली होती: कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. "किती जण जेवता, मावशी?" मी उंबऱ्यातून विचारलं. "तिघं," चुलीपुढची बाई म्हणाली. मी आत डोकावले. ती होती, तिचा म्हातारा नवरा होता, आणि ताटं मात्र तीन वाढलेली. तिसऱ्यातल्या भाकरीची वाफ अजून निघत होती, कडेला खरडा. "तिसरं कोण?" "पोरगा. यील की आत्ता." निघाले तेव्हा म्हातारा बांधापर्यंत सोबत आला. "पोरगं फौजेत हुतं," तो हळूच म्हणाला, "तार येऊन वरीस झालं. पर ते ताट रिकामं झाल्याबिगर हिच्या घशाखाली घास उतरत न्हाई. म्हणून त्याचं मीच खातो. तुमी तीनच लिवा, बाई." पुढे कॉलेजात शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि ती व्याख्या फळ्यावर लिहिताना दर वर्षी खडू मधेच थांबायचा. आमचे हे जाऊन आता दोन महिने झाले. परवा पाहणीवाली एक मुलगी दारात आली. "काकू, घरात किती जण?" आत तव्यावर भाकरी करपत होती. "दोघं," मी म्हणाले, आणि ती मुलगी माझ्या खांद्यावरून आत बघू लागली.