पावाचा तुकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की आमच्या घरी पेज आणि सुके बोंबील, एवढंच. बाप समुद्रावरून परतला नव्हता. आईने बोंबील वाळवून, विकून मला शिकवलं. पाव आमच्याकडे फक्त आजाऱ्याला मिळे. लहानपणी मी तापाची वाट बघायचो — खोटं कशाला बोलू?

मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात गेलो, तर तिथे पावाने चित्र पुसत. कोळशाने सावली भरायची, उजेड हवा तिथे पावाचा मऊ गर दाबायचा. कागद खरवडत नाही, कोळसा तेवढा उचलला जातो. पहिल्या दिवशी माझा तुकडा मी गुपचूप खाल्ला. सोबत्यांना सांगितलं होतं, वडील अलिबागेत कारकून होते.

मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मास्तरांनी वर्गाला रेखाटनाला नेलं — आणि कुठे? रेवदंड्याला! टाळता आलं असतं. पण कोळ्यांचे चेहरे माझ्याइतके कुणाला जमणार नाहीत, हा माज होता.

वाळवणाशी बसलेल्या बायकांतून मास्तरांनी एक निवडली. "हिच्या चेहऱ्याची हाडं बघा!" ती माझी आई.

तिने मला पाहिलं. मी किंचित मान हलवली — नाही म्हणून. शेजारीण तिला हळूच म्हणाली, "अगो, ह्यो तुजा धर्मा न्हाय व्हय?"

"न्हाय गो. माजा पोर मुंबैला हाय."

दोन तास ती दगडासारखी बसली. मग कपाळावरच्या उजेडासाठी मी पाव हातात घेतला, आणि तिला राहवलं नाही. "ताप आलाय का रं, बाला?"

वर्ग खदाखदा हसला. "म्हातारे, तो खायला नाही, पुसायला!" कुणीतरी ओरडलं. आणि मी? मीही हसलो — सगळ्यांत मोठ्याने.

तिने तोंड पुन्हा होतं तसं धरलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. तेही मी काढलं, पावाचं टोक दाबून.

पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. कुणी तिला पाव आणून दिला का, मी विचारलं नाही.

चित्राखाली मी लिहिलं होतं — 'एक कोळीण'. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या वाड्यातून कॉलेज पुरं केलेला पहिला माणूस मी.