बायका काठाला, नवरी मध्ये

माझ्या भावाने माझ्या मुलीचं वऱ्हाड वजनाप्रमाणे बसवलं होतं.

हो, वजनाप्रमाणे. आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने ओरडून.

बाळादादाला जाऊन आज वर्ष झालं. जन्मभर बोटीवर तांडेल होता, सुकाणू त्याच्याच हातात. रडायचं ते रडून झालं, आज ही गोष्ट सांगते.

प्राचीचं लग्न खाडीपलीकडे, भाईंदरच्या बाजूला. सगळे म्हणाले, रस्त्याने जायला बस ठरवा.

दादा म्हणाला, "भाची माझी. मंडपात तिला मामा नेतो ना? मग माझ्या बोटीतनंच नेनार."

किल्लाबंदरावरून निघालो. नवरी, रुखवत आणि पंधरा-सोळा नटलेल्या बायका.

खाडीच्या तोंडाशी वारा आडवा लागला.

घाबरून सगळ्या प्राचीभोवती मधोमध गोळा झालो. रुखवताचे डबे, पितळेची भांडीसुद्धा मध्ये ओढली. वाटलं, बॅलन्स राहील. टोपलीतल्या पिलांसारख्या एकमेकींना चिकटून बसलो.

करायला गेलो गणपती, झाला मारुती!

बोट उलट जास्तच हिसके द्यायला लागली. डावीकडे झटका, लगेच उजवीकडे झटका. दम खायला फुरसत नाही.

मेकअपमुळे प्राचीचे गाल गुलाबी होते, पण डोळे गच्च मिटलेले. आता शालूवरच उलटी होणार.

"मामा, बोट फिरव. मी रस्त्याने जाते."

परत फिरून घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून जायचं म्हणजे मुहूर्त गेलाच.

दादाने सुकाणूवरून आमच्याकडे नीट बघितलं आणि हसायलाच लागला.

"मधी कोनी बसायचं नाय! उभ्या राहू नका, बसल्या बसल्या सरका. अर्ध्या या काठाला, अर्ध्या त्या काठाला. सुलूआत्ये, तू डावीकडं. तुझ्यासमोर दोघी लागतील."

सुलूआत्या आमची सख्खी आत्या. भडकलीच.

"मेल्या, चारचौघांत माझं वजन काढतोस?"

"आत्ये, आज तेच कामाला येनार हाय. गप बस तिथं."

भांडी निम्मी इकडे, निम्मी तिकडे. मध्ये एकटी प्राची.

माणसं तीच. पाणी तेच. वारा तोच.

पण बोट आता सावकाश कलायची, सावकाश परत यायची. पाळण्यासारखी.

थोड्या वेळाने नवरी म्हणते कशी, "आई, रुखवतातला एक लाडू दे ना."

याला नाव आहे हे मला खूप नंतर कळलं. मी सातवी शिकलेली. माझा धाकटा मुलगा कॉलेजला गेला की त्याची इंजिनिअरिंगची पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचते. त्यात सापडलं, रेडियस ऑफ गायरेशन.

म्हणजे नुसतं वजन किती ते बघायचं नाही. ते मधल्या रेषेपासून किती लांब पसरलंय ते बघायचं. जितकं लांब, तितकी वस्तू डोलायला आळशी.

तशीच दादाकडे गेले. तो जाळं विणत होता. सगळं ऐकून म्हणाला, "शैले, नाव झकास हाय. पन आपला बा एवढंच सांगायचा, मधी गर्दी केली की बोट चिडते."

"मला नाही कधी सांगितलं बाने."

"तुला बोटीवर कोन नेत होतं?"

खरं होतं. पोरींना बोटीवर नेत नसत. मग म्हणाला, "बस इथं. आनखी काय लिवलंय पुस्तकात, ते सांग." दोन तास बसलो होतो.

तर त्या लग्नाच्या दिवशी. पलीकडे पोचलो तेव्हा मुहूर्ताला दहा मिनिटं होती. ओहोटीमुळे बोट धक्क्याला लागेना. दादाने गुडघाभर चिखलात उडी मारली, प्राचीला उचलून अलगद धक्क्यावर ठेवलं.

मंडपात पोचतो तोच गुरुजींची हाक, "मामा, मुलीला आणा!"

वहिनी कुजबुजली, "अहो, पँट तरी बदला."

"नवरी कोरडी हाय ना? मग झालं."

तसाच, चिखलाच्या पायांनी, भाचीचा हात धरून बोहल्यापर्यंत गेला. लग्नाच्या फोटोत लाल कार्पेटवर त्याची पावलं स्पष्ट उमटलेली दिसतात.

फोटोग्राफर ती पुसून देतो म्हणाला होता. प्राचीने पुसू दिली नाहीत.

दादा, आम्हा सगळ्यांचा तुला मनापासून नमस्कार. सुखात राहा.

तुझी शैला