नाला कुणीकडे वाहतो

रंगवाला पहिल्यांदा वकिलांना भेटला तेव्हा वकील नाल्यात होते. पायात मांडीपर्यंत गमबूट, काळा कोट झाडाच्या फांदीला, आणि वास असा की तीन गल्ल्यांतली कुत्री गाव सोडून गेली होती. माशा तेवढ्या निष्ठेने थांबल्या होत्या.

"माझ्या रंगाईच्या कारखान्याला प्रदूषण मंडळाची नोटीस आलीय," रंगवाला काठावरून म्हणाला.

वकिलांनी दोन बोटं पाण्यात बुडवून नाकाशी नेली. "तुमचं पाणी निळं. हे पिवळं रबरवाल्याचं. घरी जा, निवांत झोपा."

रंगवाल्याने तिथेच हात जोडले. पुढची अठरा वर्षं त्याच्या सगळ्या नोटिसांना वकिलांनीच उत्तरं दिली. कोर्टात लोक त्यांना 'नालेवकील' म्हणत. ते वरवर रागवत आणि आतून सुखावत.

मग साडू या कामात उतरला. म्हणजे कायद्यात उतरला, नाल्यात नव्हे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. त्याच्या ऑफिसला काचेचं दार होतं, आत कॉफीचं मशीन होतं.

"भाऊजींनी दोन ज्युनिअर ठेवलेत म्हणे," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

"माझ्याकडे दोन गमबूट आहेत."

"त्यातला एक गळतोय."

त्याच आठवड्यात रंगवाला फाइल परत न्यायला आला. "साहेब, या वेळी कारखानाच बंद करायची नोटीस आहे. म्हटलं, जरा मोठा वकील बघावा." ते 'जरा मोठा' वकिलांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

मंडळाच्या कचेरीतल्या सुनावणीला ते मुद्दाम गेले आणि मागच्या बाकावर बसले. साडूने हरावं, कारखाना आठवडाभर, फार नाही, बंद पडावा आणि रंगवाल्याने पाय धरत परत यावं, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

मंडळाच्या अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं: पाण्याचा नमुना पुलाखाली घेतला, त्यात आम्ल सापडलं. साडू उठला. नवा कोट, भिंतीवर रंगीत नकाशा. "साहेब, नाला आमच्या कारखान्याकडून पुलाकडे वाहतो. मधे बरंच अंतर आहे. आमच्या पाण्यात वाटेत दुसऱ्या कुणाचं पाणी मिसळलं असेल."

वकील बाकाच्या कडेला सरकले. अठरा वर्षं ज्या नाल्यात आपण उभे राहिलो, त्याला हा परका माणूस उलटा वाहवतोय!

"पुलाकडून कारखान्याकडे वाहतो," ते ताडकन उठून म्हणाले. "एकदा तरी पाय भिजवले असते तर कळलं असतं."

"आपण कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कुणी नाही. यांचा साडू."

अधिकारी नकाशाकडे बघत राहिले. "म्हणजे आम्ही नमुना कारखान्याच्या वरच्या अंगाला घेतला? यांचं पाणी तिथे पोचतच नाही?"

तेव्हा कुठे वकिलांना कळलं की आपल्या तोंडून काय गेलं. ते गपकन खाली बसले, पण बोललेलं काही खाली बसेना.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या माणसाने पुलाखाली थर्माकोलचा तुकडा सोडला. तो डुलत डुलत कारखान्याकडे गेला. नोटीस मागे घेतली गेली.

कचेरीच्या जिन्यात रंगवाल्याने साडूला मिठी मारली. मग नालेवकिलांकडे वळून तो म्हणाला, "बघितलंत साहेब, कसा वकील शोधला मी?"

फाइल अजून साडूकडेच आहे.