मायाची गोळी आणि पाचवं शील

माया तापट आहे, असं बुटीबोरीच्या शिलाई कारखान्यातल्या बाया म्हणतात. असेल. पण यंदा वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या व्रताच्या महिन्यांत, ती जी पेटली, ती उगाच नाही.

लहानपणापासून तिला मिरगी. रोजची गोळी सुरू झाल्यापासून मात्र झटका नाही, आणि मशीनवर तिच्यासारखा हात कुणाचा नाही. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, की मेंदूतल्या पेशींना भडकू न देणारा एक ब्रेक असतो. मेंदूचंच एक रसायन तो दाबतं आणि गोळी त्याचा जोर वाढवते. दारूही त्याच ब्रेकवर जाऊन बसते, म्हणून दोन्ही एकत्र नको. मायानं हे घरी मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि तिथंच फसली.

थोरला भाऊ संघपाल विहारात वंदना घेतो; तो गाथा म्हणतो, बाकीचे त्याच्यामागं म्हणतात. माणूस सरळ, पण डोक्यात एकदा काही शिरलं की निघत नाही. "दारूच्या जागी बसते, म्हणजे नशाच झाली ना वं? नशा न करायचं पाचवं शील मोडून राहिली तू!" वर्षावास लागताच त्यानं गोळ्या नालीत टाकल्या. स्वतःला साधा ताप आला तरी इंजेक्शन मागणारा हा माणूस! नव्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळेनात आणि दवाखान्याची तारीख लांब होती.

व्हायचं तेच झालं. सवयीची गोळी एकदम तुटली, ब्रेक सुटला आणि माया चालू मशीनवरच कोसळली. सुई बोटातून आरपार गेली. दवाखान्यात बोट बांधताना डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या, पण सुपरवायझरनं तिची मशीन काढून घेतली आणि तिला धागे कापायला बसवलं.

पौर्णिमेला विहारात वंदनेला आलेल्या म्हाताऱ्या प्रयागबाईनं तिच्या बोटाची पट्टी पाहून विचारलं, तर मायाच्या आधी संघपालच बोलला, "गोळ्यायची नशा होती, मावशी. उतरताना पडली."

मायाच्या अंगाची आग झाली. भर विहारात ती उठली, पदराच्या गाठीतली नवी गोळी काढली आणि सगळ्यांदेखत पाण्यासोबत गिळली.

"नशा मले नाही गा दादा, तुले चढली हाये, शहाणपणाची! काहून खोटं बोलून राहिला? उद्या चाल माह्यासंगं बुटीबोरीले. माही मशीन कोणामुळं गेली, ते सुपरवायझरले तुह्या तोंडानं सांग."

संघपालनं पुढची गाथा म्हणायला तोंड उघडलं. त्याच्यामागं कुणीच म्हटली नाही.