ढिगाखालचा चेंडू

विल्मा कुचेरा मुळातच कुणाला न जुमानणारी. नेब्रास्कातल्या आमच्या कॉलेजच्या गावात ती वर्षानुवर्षं अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या खेळाची पंच. एका धिप्पाड गड्याने गुडघ्यावर आदळून तिला लंगडं केलं, तेव्हा ती मैदानावरचे निर्णय चित्रणावरून तपासायला वरच्या काचेच्या खोलीत रिप्लेच्या पडद्यापुढे जाऊन बसली. त्या खुर्चीत तिचा जीव होता. लीगचा प्रमुख हॉलिस ट्रिच मात्र तिच्यावर टपलेलाच. पुन्हा बोंबाबोंब झाली तर खुर्ची गेली म्हणून समज, असं त्याने बजावलं होतं.

त्या शनिवारी आमचा संघ जेमतेम दोन गुणांनी मागे होता. शेवटी शेवटी पाहुण्यांच्या गड्याच्या हातून चेंडू निसटला, पण खालच्या पंचाला ते दिसलंच नाही. गडी चेंडूसकट पडला, म्हणजे खेळ थांबला आणि चेंडू पाहुण्यांचाच, असं धरून त्याने शिट्टी फुंकली. तोवर सगळे चेंडूवर कोसळले. ढीग उपसला तर चेंडू आमच्या पोराच्या पोटाशी! अख्खं मैदान नाचायला लागलं.

विल्माने चित्रण मागेपुढे केलं. चेंडू सुटला होता, वादच नाही. पण शिट्टी झाल्यावर तो आम्हाला द्यायचा, तर आधी कुणी धरला हे स्वच्छ दिसायला हवं. पडद्यावर दिसत होत्या नुसत्या पाठी. ढिगाखाली बोटं पिरगाळून चेंडू कसे हिसकावतात, हे तिने जन्मभर पाहिलेलं. दारात ट्रिच घाम पुसत उभा होता. त्याच्याकडे ढुंकूनही न बघता तिने खाली कळवलं, मैदानावरचा निर्णय कायम, चेंडू पाहुण्यांचाच.

आम्ही हरलो. मग काय विचारता, गावाने तिला शिव्यांची लाखोली वाहिली. हॉटेलात तिच्यापुढे कॉफीचा कप आदळायला लागले. बाई मात्र रोज त्याच टेबलावर जाऊन बसायची.

तिथेच ट्रिच आला. टीव्हीवर चूक कबूल कर, खुर्ची शाबूत राहील, म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली. शेवटी त्याने आवाज खाली आणला.

"खरं सांग विल्मा, तुला काय वाटतं? आधी कुणी धरला?"

"आपल्याच पोराने. मला खात्री आहे."

"अगं बाई, मग?"

"मला तसं वाटतं हॉलिस, पण पडद्यावर दिसलं नाही. माझ्या वाटण्यावरच निकाल द्यायचा होता, तर तो पडदा कशाला बसवलास?"

वरच्या काचेच्या खोलीची किल्ली तिने स्वतःच त्याच्यापुढे सरकवली आणि कॉफी पुन्हा भरून मागितली.