मुलगी रडली तर बाईंकडे

आम्ही जव्हारच्या शाळेतले जुने मास्तर भेटलो की चहा निवतो, पण किस्से संपत नाहीत. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. संस्थान विलीन होऊन शाळेवरची पाटी नुकतीच बदलली होती, तेव्हाचे हे दिवस. काय दिवस होते!

पुण्याहून आलेल्या हेडमास्तरांनी नियम काढला. पोरांना मारायचं नाही, समजवायचं! मुलगी रडली तर बाईंकडे, मुलगा रडला तर ड्रिलमास्तरांकडे. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या एकुलत्या एक शिक्षिका. त्या शेजारी बसवायच्या, हातावर गूळ ठेवायच्या आणि ऐकत राहायच्या. ड्रिलमास्तरांचा सल्ला एकच, "मैदानाला फेरी मार!"

*

बोर्डिंगातला एक पोरगा घरच्या आठवणीने रडत होता. त्याला अर्थातच फेरी मिळाली. पठ्ठ्या मैदान सोडून थेट घरच्या, दाभोशाच्या वाटेला लागला! धरून आणला तर म्हणतो, "जरा मोठी फेरी मारली, गुरुजी!"

*

गुळाची बातमी फुटली आणि बारकी पोरंही बाईंच्या दारात येऊन रडू लागली. हेडमास्तरांनी तडजोड केली. दुसरीपर्यंतचे मुलगे बाईंकडे चालतील, त्यापुढचे नाहीत.

लगेच चौथीतला एक आडदांड हजर. स्वतःकडे बोट दाखवून म्हणतो, "गुरुजी, माना परत दुसरीत घाला!"

*

ड्रिलमास्तरांची मुलगी लग्न होऊन सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मास्तर एकटेच मैदानाला फेऱ्या मारताहेत.

*

आणि आमचा काशिनाथ! खोडाळ्याकडचा, सातवीत, मिसरूड फुटलेला, लग्न झालेला. तेव्हा असे एक-दोन असायचेच. सातवी पास झाला की मास्तर होणार होता. पण बाप वारला आणि तो शाळा सोडायला निघाला. घरची भात-नागली कोण बघणार?

ड्रिलमास्तर म्हणाले, "एवढ्या बाप्याला मी काय समजवू?" शेवटी हेडमास्तरांनी आपलाच नियम मोडला. "काशिनाथ, बाईंकडे जा आणि मनातलं सगळं सांगून टाक."

बाई गूळ घेऊन बसून राहिल्या. काशिनाथ फिरकलाच नाही. बोर्डिंगातही नव्हता. गेला पोरगा हातचा, असं आम्ही धरून चाललो.

सोमवारी वर्गात हजर!

"अरे, होतास कुठे? बाई वाट बघत होत्या!" हेडमास्तर कडाडले.

"बाईकडंच गेलो होतो, गुरुजी. घरी."

त्याच्या बोलीत बाई म्हणजे बायको!

"तिला सगला सांगला. ती बोलली, भात-नागली मी बघीन, तू शीक."

दारात उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मलाही तिच्याकडेच पाठवा."