स्टार्टर खोलायच्या आधी

गाडीचं दुखणं कानानं ओळखणारा मिस्तरी, अशी त्याची ख्याती होती. हे तो कुठल्या शाळेत शिकला नव्हता; तीस वर्षं बॉनेटखाली मान घालून शिकला होता. चावी फिरवल्यावर एकच जड ‘टक्’ आली, तर इंजिनाला पहिला गरका देणारा स्टार्टर अडकलाय. दात वाजल्यासारखी भरभर ‘टकटकटक’ आली, तर करंट अपुरा पडतोय, म्हणजे बॅटरी नाहीतर एखादी जोडणी. आणि काहीच आलं नाही, तर स्टार्टर मेलाय.

गेल्या वर्षभरात मात्र त्याचे कान मिटत चालले होते. आधी बारीक आवाज गेले, मग पाठीमागून मारलेल्या हाका. बहिऱ्या मिस्तरीकडे गाडी कोण आणणार? कान गेल्याचं फक्त बायकोला ठाऊक होतं. ती गॅरेजच्याच पुढच्या खोलीत सीटची कव्हरं शिवायची.

त्या सकाळी शाळेतल्या बाई चाकात हवा भरायला थांबल्या आणि गाडी पुन्हा चालू होईना. गिअर आपोआप पडणारी गाडी, ढकलून काही उपयोग नव्हता. मागच्या सीटवर त्यांचे वडील होते. त्यांच्या पायांना सूज आलेली, श्वास वरवर चाललेला. रक्त साफ करायच्या मशीनवर त्यांची वेळ परवाच चुकली होती. आज नऊची वेळ होती आणि साडेआठ वाजून गेले होते.

“मिस्तरीकाका, दुसरी गाडी यायला पाऊण तास लागेल म्हणतात. आजची पाळी गेली तर...” बाईंनी मागे वडिलांकडे पाहिलं.

“फिरवा चावी.”

दिवे लख्ख लागले. इंजिन जागचं हललं नाही. मिस्तरीनं लांब स्क्रूड्रायव्हर स्टार्टरवर टेकवला, मूठ कानाला लावली, जाणत्यासारखी मान डोलावली. कानात नुसतं कापूस कोंबल्यासारखं झालं होतं.

“बॅटरी ठणठणीत. स्टार्टर मेलाय. खोलावा लागेल, तासभर तरी.”

“मला आठवड्यातून तीनदा मशीनला जोडतात आणि सोडतात,” म्हातारे धापा टाकत म्हणाले. “गाडीची तरी एकदाच काय ती खोलाखोली कर बाबा.”

मिस्तरी गाडीखाली सरकला. पहिला बोल्ट गंजलेला होता. पान्यावर जोर देताना त्याच्या कपाळावरची शीर फुगली. बाईंनी पुन्हा चावी फिरवली, पुन्हा फिरवली.

मान वळवून पाहतो तर बायको दारात उभी. तोंडानं अवाक्षर नाही, पण तिचं बोट चौकटीवर भरभर आपटत होतं. बाईंनी चावी सोडली की बोट थांबायचं, फिरवली की पुन्हा सुरू.

“तुझं शिवण बघ जा,” तो खेकसला.

बोट थांबलं नाही.

बोल्ट अर्धा सैल झाला होता. अजून दोन आटे, मग दुसरा बोल्ट, की स्टार्टर खाली येणार आणि तास जाणार. मिस्तरी बाहेर सरकला. मागच्या काचेतून म्हाताऱ्यांचा हात दिसत होता, पुढच्या सीटची पाठ घट्ट धरलेला. तो उठून उभा राहिला.

“बाई, खरं सांगतो. मला ऐकू येत नाही. आवाज येतोय का?”

“अहो, येतोय की! मघापासून टकटक चाललीय. मला वाटलं, तुम्ही ऐकताय!”

“भरभर?”

“भरभर!”

आवाज भरभर, तरी दिवे लख्ख. म्हणजे बॅटरी चांगली, स्टार्टरही जिवंत. इंजिनातून परत येणारा करंट कुठंतरी अडलाय. त्यानं खाली हात घातला. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची वायर चिमटीतच तुटून आली, आतून हिरवी पडलेली. बायकोनं न मागताच जाड वायर हातात ठेवली. एक टोक इंजिनावर, दुसरं बॅटरीच्या वजा टोकावर आवळलं, सैल केलेला बोल्ट पुन्हा कसला आणि त्यानं तळहात इंजिनावर ठेवला.

“फिरवा.”

हाताखाली इंजिन दणक्यानं उसळलं आणि फिरत राहिलं.

“थांबू नका, निघा! नऊला पंधरा कमी आहेत!” बायको ओरडली.

गाडी वळताना म्हाताऱ्यांनी काच खाली केली आणि ओठ हलवले.

मिस्तरी दोन पावलं गाडीबरोबर धावला. “काय म्हणालात? मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही!”

“परवा मशीनला जाताना येतो म्हटलं!” म्हातारे सगळी धाप एकवटून ओरडले. “तेव्हा आधी आम्हाला विचार, मग पाना उचल!”